उकळणारा दगड: निकेल आणि जिओलाइट शोधणाऱ्या क्रोनस्टेटची गोष्ट

स्वयंपाकघरातलं स्टीलचं पातेलं, कोविडच्या काळात घराघरात पोहोचलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि पंपावर मिळणारं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? उत्तर एका माणसापाशी येऊन थांबतं. अ‍ॅक्सेल फ्रेड्रिक क्रोनस्टेट, स्वीडनचा खाणतज्ज्ञ. पातेल्यातलं निकेल त्याने शोधलं. ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या आणि इथेनॉलमधलं पाणी काढणाऱ्या जिओलाइट नावाच्या पदार्थाला नाव त्यानेच दिलं. तो अवघा ४२ वर्षं जगला आणि यातली एकही गोष्ट त्याला बघायला मिळाली नाही.

मी भिवंडी तालुक्यातल्या कोनमध्ये आठवी-नववीच्या मुलांचा रविवारचा विज्ञान वर्ग घेते. सच्छिद्र स्फटिक, म्हणजे ज्यांच्या आत मोजूनमापून केल्यासारखी बारीक भोकं असतात असे पदार्थ, हा विषय पाठ्यपुस्तकात जवळजवळ येतच नाही. तो शिकवायचा तर मला क्रोनस्टेटचं आयुष्य सगळ्यात सोपं पडतं, कारण त्याने जे केलं ते आपल्यालाही करून बघता येतं. म्हणून आज त्याची गोष्ट, आणि शेवटी करून बघायचे चार प्रयोग.

किल्ले बांधणाऱ्याचा मुलगा खाणीत उतरतो

क्रोनस्टेटचा जन्म २३ डिसेंबर १७२२ चा. वडील सैन्यात होते, किल्ले आणि तटबंदीचं काम बघायचे. घर खानदानी. १७३८ मध्ये तो उप्साला विद्यापीठात गेला. तिथे त्याला दोन जबरदस्त माणसांची व्याख्यानं ऐकायला मिळाली. एक खनिजांचा अभ्यासक वालेरिउस आणि दुसरा आंद्रेस सेल्सिअस. हो, हवामानाच्या अ‍ॅपमध्ये डिग्रीच्या पुढे ज्याचं नाव असतं तोच. तरुणपणी काही काळ तो वडिलांचा लेखनिक म्हणून त्यांच्याबरोबर फिरला. पण ओढा होता खाणींकडे.

त्या काळात स्वीडनची तिजोरी तांब्या-लोखंडाच्या खाणींवर चालायची. सरकारचं स्वतंत्र खाण खातं होतं आणि त्याची स्वतःची प्रयोगशाळाही होती. क्रोनस्टेट तिथे लागला आणि गेऑर्ग ब्रांटच्या हाताखाली धातू तपासायला शिकला. ब्रांटने १७३५ च्या सुमारास कोबाल्ट शोधलं होतं. आज फोनच्या लिथियम बॅटरीत जे कोबाल्ट असतं तेच हे. म्हणजे गुरूचा धातू तुमच्या खिशात, आणि शिष्याचा धातू पुढच्या भागात.

खाणीतलं भूत

जर्मन खाणकामगारांना एक दगड फार छळायचा. दिसायला तांबूस, तांब्याच्या खनिजासारखा. भट्टीत घातला की तांबं काही निघायचं नाही, उलट आर्सेनिकचा विषारी धूर यायचा. कामगारांनी ठरवून टाकलं की खाणीतल्या भुताने तांब्यावर करणी केली आहे. त्यांनी दगडाला नाव दिलं कुप्फरनिकेल. कुप्फर म्हणजे तांबं आणि निकेल म्हणजे खट्याळ भूत. गंमत म्हणजे ब्रांटच्या कोबाल्टचं नावही असंच एका भुतावरून आलेलं आहे.

क्रोनस्टेटने भुताची गोष्ट बाजूला ठेवली आणि दगड तपासायला घेतला. स्वीडनमधल्या लूस गावच्या कोबाल्टच्या खाणीतून त्याने असाच एक खनिजाचा नमुना मिळवला. त्याचा द्राव हिरवा झाला. हिरवा म्हणजे तांबं असणार, असं कोणीही म्हटलं असतं. पण त्याने द्रावात लोखंड घालून बघितलं. दहावीच्या पुस्तकातला प्रयोग आठवतो का? मोरचुदाच्या द्रावात लोखंडी खिळा टाकला की खिळ्यावर तांब्याचा लालसर थर बसतो. क्रोनस्टेटच्या द्रावात तसं काहीच झालं नाही. म्हणजे हिरवा रंग तांब्याचा नव्हता.

मग त्याने खनिजावरचा हिरवा भाग भाजला, कोळशाबरोबर तापवला आणि धातू वेगळा काढला. तो पांढरट होता. तांब्यासारखा नव्हता, लोखंडासारखा नव्हता. चुंबकाकडे थोडासा ओढला जात होता. १७५१ मध्ये त्याने हे स्वीडनच्या विज्ञान अकादमीच्या अंकात प्रसिद्ध केलं. १७५४ मध्ये पुढचं लिहिलं आणि धातूला नाव दिलं निकेल. भूत गेलं, त्याचं नाव राहिलं.

पण सगळ्यांना पटलं असं नाही. क्रोनस्टेटच्या निकेलमध्ये लोखंड, कोबाल्ट, आर्सेनिक यांची भेसळ राहिलेली होती. त्यामुळे फ्रान्समधले काही रसायनज्ञ म्हणू लागले की हा नवा धातू वगैरे काही नाही, जुन्याच धातूंचं मिश्रण आहे. हा वाद पुढे २० वर्षांहून जास्त चालला. तो मिटला कसा, ते पुढे सांगते.

हातात मावणारी प्रयोगशाळा

क्रोनस्टेटचं आवडतं हत्यार म्हणजे फुंकनळी. सोनाराकडे तुम्ही बघितली असेल. एक टोक तोंडात, दुसरं दिव्याच्या ज्योतीत. फुंकर मारली की ज्योत आडवी, अणकुचीदार आणि खूप गरम होते. सोनार तिने डाग देतो. क्रोनस्टेट तिने दगडाचा लहानसा तुकडा तापवायचा आणि नीट बघायचा. वितळतो का, फुगतो का, रंग बदलतो का, वास येतो का. टाकणखाराच्या मण्यात तो दगड विरघळवला तर कोणता रंग येतो? कोबाल्ट असेल तर गडद निळा.

फुंकनळी त्याच्या आधीही होती. पण दगड ओळखण्यासाठी ती इतक्या शिस्तीने वापरण्याचं श्रेय क्रोनस्टेटला जातं. भट्टी नको, मोठी खोली नको. नळी, मेणबत्ती, कोळशाचा तुकडा आणि दोन-तीन पुड्या प्रवासात खिशात मावायच्या. त्याच्या या खिशातल्या प्रयोगशाळेची माहिती पुढे फॉन एंगेस्ट्रॉमने इंग्रजीत लिहिली आणि ती युरोपभर पोहोचली.

१७५६: दगड उकळला

याच फुंकनळीसमोर एक दिवस वेगळाच दगड आला. एक नमुना लॅपलँडमधल्या स्वाप्पावारा इथल्या तांब्याच्या खाणीतला, दुसरा आइसलँडचा. साधा दिसणारा फिकट स्फटिक. ज्योत लागली आणि दगड फसफसून फुगला. दूध उतू जाताना वर येतं तसा. मग वितळून बुडबुड्यांनी भरलेली पांढरी काच झाली.

त्याला माहीत असलेला दुसरा कुठलाही दगड असं वागत नव्हता. ग्रीक भाषेत झिओ म्हणजे उकळणं आणि लिथॉस म्हणजे दगड. त्याने नाव दिलं जिओलाइट, उकळणारा दगड. १७५६ मध्ये अकादमीच्या अंकात त्याचं वर्णन छापून आलं.

दगड उकळतो म्हणजे नेमकं काय होतं? त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. आणि ते थोडंथोडकं नसतं. आपल्याकडे सर्रास सापडणारा स्टिल्बाइट हा जिओलाइट घ्या. १०० ग्रॅम दगडात साधारण १७-१८ ग्रॅम पाणी असतं. हात लावला तर दगड ठणठणीत कोरडा!

हे पाणी राहतं कुठे, हे क्रोनस्टेटला कळणं शक्यच नव्हतं. अणूंची रचना दाखवणारे क्ष-किरणांचे प्रयोग १९१२ नंतरचे, आणि जिओलाइटच्या रचना उलगडायला १९३० साल उजाडलं. आज आपल्याला माहीत आहे की सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमचे अणू ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात आणि एक जाळी तयार होते. इमारतीच्या सांगाड्यासारखी, खोल्या आणि दारं असलेली. प्रत्येक दार अगदी एकाच मापाचं. ज्या जागी सिलिकॉनऐवजी अ‍ॅल्युमिनियम बसतं तिथे जाळीवर ऋण प्रभार येतो. तो भरून काढायला सोडियम, कॅल्शियमसारखे धन आयन खोल्यांमध्ये सैल बसलेले असतात, आणि त्यांच्याभोवती पाणी. तापवलं की पाणी बाहेर, पण खोल्या बऱ्याचदा तशाच उभ्या राहतात. १८४० मध्ये दामूर या फ्रेंच संशोधकाने दाखवलं की असं वाळवलेलं जिओलाइट पुन्हा पाणी पिऊ शकतं.

दिसण्यावर जाऊ नका

त्या काळी दगडांची वर्गवारी मुख्यतः दिसण्यावरून व्हायची. रंग, आकार, चकाकी. वनस्पतींना नावं देणारा लिनिअस याच उप्सालाचा, आणि त्याने दगडांचीही मांडणी बाह्यरूपावरून केली होती. क्रोनस्टेटला हे पटेना. कुप्फरनिकेलने कामगारांना फसवलं ते दिसण्यामुळेच.

१७५८ मध्ये त्याने खनिजांवर पुस्तक काढलं. त्यात वर्गवारी होती ती खनिजात काय आहे यावरून. माती, क्षार, जळणारे पदार्थ आणि धातू असे चार वर्ग. मातींच्या वर्गात जिओलाइटला स्वतंत्र गट. अनेक खनिजांची सरमिसळ असलेले खडक त्याने बाजूला काढले, कारण मिश्रण आणि सुटं खनिज एकाच मापाने मोजता येत नाही. आजचं खनिजशास्त्र याच वाटेने चालतं. आणि या पुस्तकावर लेखकाचं नावच नव्हतं! निनावी छापलेलं पुस्तक. लेखक कोण ते लोकांना नंतर कळलं. पुढे जर्मन, इंग्रजी भाषांतरं झाली.

मला हा भाग मुलांना सांगायला सगळ्यात जास्त आवडतो. आज फोनचा कॅमेरा दगडावर धरला की अ‍ॅप नाव सांगतं. पण कॅमेऱ्याला दिसतो फक्त रंग आणि आकार. म्हणजे आपण २६० वर्षं मागे गेलो! अ‍ॅपचं उत्तर हा अंदाज आहे. तो खरा की खोटा हे तपासायला आजही दगडाला काहीतरी करून बघावं लागतं.

४२ व्या वर्षी

१९ ऑगस्ट १७६५ ला क्रोनस्टेट गेला. निकेलचा वाद तेव्हा सुटलेला नव्हता आणि जिओलाइट म्हणजे संग्रहालयात ठेवायची एक गंमत होती, बस्स.

मग १७७५ मध्ये उप्सालाच्याच तोर्बेर्न बर्गमनने निकेल पुन्हा पुन्हा शुद्ध केलं, क्रोनस्टेटपेक्षा कितीतरी शुद्ध धातू मिळवला आणि तो स्वतंत्रच आहे हे दाखवून दिलं. क्रोनस्टेट बरोबर होता. हे कळलं त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. जिओलाइटला तर कामाला लागायला जवळपास दोनशे वर्षं लागली. विसाव्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड बॅरर आणि रॉबर्ट मिल्टन यांच्यासारख्यांनी प्रयोगशाळेत जिओलाइट बनवायला सुरुवात केली आणि मग ते कारखान्यात पोहोचलं.

आपल्या पायाखालचा खजिना

इथे महाराष्ट्र येतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. तोच आपला काळा कातळ, बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या. नंतर त्यांतून गरम, खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि आत स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव, संभाजीनगर भागातल्या दगडखाणींतले जिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडले, तेव्हाही असे सुंदर नमुने निघाले आणि युरोपात गेले. सिन्नरजवळचं गारगोटी संग्रहालय याच खनिजांसाठी प्रसिद्ध आहे.

कोन, भिवंडी, कल्याण, सगळं याच कातळावर बसलंय. पाया खणताना निघालेल्या दगडात किंवा खडीच्या ढिगाऱ्यात पांढरे ठिपके, पांढरी भरलेली भोकं दिसतात. ते जिओलाइट असू शकतं, कॅल्साइट असू शकतं किंवा गारगोटी. बघून सांगता येत नाही. म्हणून मग क्रोनस्टेटच्या वाटेने जायचं.

करून बघा

हे प्रयोग शिक्षक किंवा मोठ्या माणसासमोरच करा. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण तापवताना स्फटिक तडकून उडतो.

*१. ओळख परेड.* पांढऱ्या भागाची थोडी पूड करा, वर लिंबू पिळा. फसफसलं तर कॅल्साइट. फसफसलं नाही तर सुट्या तुकड्याने जुन्या काचेवर ओरखडा काढून बघा. स्पष्ट ओरखडा आला तर बहुतेक गारगोटी. दोन्ही झालं नाही तर जिओलाइट असण्याची शक्यता आहे, पुढच्या प्रयोगाला घ्या.

*२. दगडातलं पाणी.* वाटाण्याएवढा तुकडा दोन दिवस उन्हात वाळवा आणि कोरड्या परीक्षानळीत टाका. नळी जवळजवळ आडवी, तोंड किंचित खाली. दगड असलेलं टोक स्पिरिटच्या दिव्यावर धरा. थोड्या वेळाने नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब दिसू लागतात. तोंड खाली का? थेंब मागे घरंगळून गरम काचेवर पडले तर नळी फुटेल म्हणून. दगड आधी आणि नंतर तोलून बघितला तर किती पाणी गेलं तेही मिळतं.

*३. जड पाणी हलकं करा.* बोअरवेलचं पाणी दोन बाटल्यांत घ्या. एकीत जिओलाइट ४ए ची चमचाभर पूड टाका, दहा मिनिटं हलवा, निवळू द्या, वरचं पाणी गाळून घ्या. आता दोन्ही पाण्यांत सारखाच अंगाच्या साबणाचा कीस टाकून हलवा. जिओलाइटवाल्या पाण्याला जास्त फेस येतो. पाण्यातलं कॅल्शियम जाळीत जाऊन बसलं आणि त्याच्या जागी सोडियम बाहेर आलं. अनेक कपडे धुण्याच्या पावडरींत जिओलाइट याचसाठी घालतात.

*४. दाराचं माप.* हा माझा सगळ्यात आवडता. नव्या फोनच्या किंवा बुटांच्या खोक्यात जी पुडी येते तिच्यात बहुधा सिलिका जेल असतं. भिवंडीच्या गोदामांतून अशा किती पुड्या रोज जात असतील! सिलिका जेलही सच्छिद्र आहे, ओल शोषतं. पण ते स्फटिक नाही. त्याची भोकं लहानमोठी, वेडीवाकडी असतात. जिओलाइटची सगळी एका मापाची. हा फरक कसा दाखवायचा?

३ए मॉलिक्युलर सिव्हचे मणी घ्या, म्हणजे ०.३ नॅनोमीटरची दारं असलेलं जिओलाइट. ते ओव्हनमध्ये २५० अंशांवर काही तास वाळवा आणि झाकणबंद बरणीत थंड करा. दोन काचेच्या ग्लासांत सारखे मणी घाला. एकात पाणी ओता, दुसऱ्यात मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते जवळजवळ शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल. जवळपास ज्योत नको, ते पटकन पेट घेतं. दोन्हींत थर्मामीटर ठेवा. पाण्याच्या ग्लासात बुडबुडे येतात आणि तापमान भराभर चढतं, कारण पाण्याचे रेणू आत शिरून चिकटताना उष्णता बाहेर टाकतात. अल्कोहोलच्या ग्लासात फारसं काही होत नाही. त्याचा रेणू मोठा, दारातून आतच जात नाही. मणी हातात घेऊन पाणी ओतू नका, चटका बसतो.

डोळ्यांना न दिसणारं दार थर्मामीटरने मोजता येतं, हे मुलांना इथे पटतं.

मग हे वापरतात कुठे?

चौथा प्रयोगच मोठ्या प्रमाणावर इथेनॉलच्या कारखान्यांत चालतो. उसाच्या मळीपासून बनवलेलं इथेनॉल नुसतं ऊर्ध्वपातन करून सुमारे ९५ टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही. उरलेलं पाणी ३ए मण्यांत अडकवतात आणि मगच ते पेट्रोलमध्ये मिसळायला जातं.

ऑक्सिजनची गोष्ट थोडी वेगळी. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. इथे दोघंही आत जाऊ शकतात, पण खोलीतल्या धन आयनांना नायट्रोजन जास्त चिकटतो. दाबाखाली हवा सोडली की नायट्रोजन अडकतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब कमी केला की नायट्रोजन सुटतो, मणी पुन्हा तयार. कॉन्सन्ट्रेटरमधून येणारा वायू असा साधारण ९३ टक्के ऑक्सिजन होतो. मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन प्लांट उभारायला जिओलाइट कमी पडलं तेव्हा ते परदेशातून विमानाने आणावं लागलं होतं. क्रोनस्टेटच्या उकळणाऱ्या दगडाचाच हा प्रयोगशाळेत वाढलेला नातेवाईक.

आणि गोष्ट अजून चालूच आहे. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं ते धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून बनवलेल्या सच्छिद्र स्फटिकांसाठी. त्यांना एमओएफ म्हणतात. रॉबसनला याची कल्पना कुठून सुचली? १९७४ मध्ये मेलबर्नला विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी तो लाकडी गोळ्यांची मॉडेलं बनवत होता. गोळ्यांना भोकं कुठे पाडायची हे ठरवताना त्याच्या लक्षात आलं की भोकांची जागा ठरली की पुढची सगळी रचना आपोआप ठरते. वर्गासाठी केलेलं लाकूडकाम नोबेलपर्यंत गेलं.

क्रोनस्टेटच्या नावाचंही एक खनिज आहे, क्रोनस्टेडटाइट. लोह असलेलं, काळं. ते खाणीत सापडतं आणि काही उल्कापाषाणांतही सापडतं. उल्कापाषाणात ते दिसलं की शास्त्रज्ञ ओळखतात, या दगडाचा अवकाशात कधीतरी पाण्याशी संबंध आला होता. दगडातलं लपलेलं पाणी पहिल्यांदा उकळून बघणाऱ्या माणसाचं नाव नेमकं अशाच खनिजाला मिळालंय.